बांधावरचा लोकसहभाग

१५ ऑगस्ट, शुक्रवार

बाभुळवाडीला झेंडावंदनाला गेलो. नंतर ग्रामसभा. विषय: पुढच्या वर्षाचा गावविकास आराखडा, लोकसहभागातून. सहभागी लोक: सरपंच बद्रीनाथ, ग्रामसेवक सोमनाथ, मी, आणि जिलेबीसाठी रेंगाळलेली सात-आठ माणसं. जिलेबी संपली तशी सभाही संपली. हजेरीच्या सह्या नंतर घरोघर फिरून घेतो, असं सोमनाथ म्हणाला. वाईट वाटलं.

सगळी नोकरी प्रशिक्षण विभागात काढली. 'ग्रामनियोजनात लोकसहभाग' हा माझा विषय. किती सरपंच आणि ग्रामसेवक माझ्या हाताखालून गेले असतील. स्लाइड्स अजून तोंडपाठ आहेत. प्रत्यक्ष एखाद्या गावात करून बघायचं तेवढं राहून गेलं. आता रिटायर झालोय, गाव आपलंच आहे. उठून जाहीर केलं की यंदाचा आराखडा गाव स्वतः करेल, मी फक्त मार्गदर्शन करीन. बद्रीनाथ म्हणाला, करा की काकासाहेब, कोण नाय म्हणतंय. याला आमच्या भाषेत जनादेश म्हणतात.

येताना आपल्या तुकड्यावर थांबलो. शेती धाकटा भाऊ सुदर्शन बघतो, पण डांबरी रस्त्याला लागून असलेला हा तुकडा वाटणीत माझ्याकडे आला. इथं फार्महाउस बांधायचं. नाव ठरलंय: 'विसावा'. तीन वर्षांपूर्वी सगळ्या बाजूंनी तारेचं कंपाउंड केलं, लोखंडी फाटक लावलं, कुलूप घातलं. तेव्हा मागच्या भीमनगरच्या लोकांनी जरा कुरबुर केली होती, कारण ते बांधावरून थेट डांबरीवर यायचे. पण त्यांना ओढ्याच्या कडेनं दुसरी वाट आहे. लांबची आहे, पावसात चिखल होतो, पण आहे.

संकल्प: सहा महिन्यांत हे गाव स्वतःचं नियोजन स्वतः करताना दिसलं पाहिजे.

१७ ऑगस्ट, रविवार

पहिली बैठक, मारुतीच्या पारावर, सकाळी दहाला. मी पावणेदहाला हजर. सोमनाथ साडेअकराला आला. रविवार असूनही आला, हे विशेष. त्याच्या मागोमाग भीमनगरची विशाखा आली. ती ग्रामपंचायत सदस्य आहे, बी.ए. झालीय, चुणचुणीत आहे. मला सर म्हणते. गावात मला सर म्हणणारी ती एकटीच.

बाकी कुणी नाही. मूग फोडणीला आलाय म्हणे, म्हणजे तोडणीला. माझ्याकडून आता असे शब्द चुकायला लागलेत, दमल्याचं लक्षण आहे.

व्हॉट्सॲप ग्रुप केला. 'आपलं गाव, आपणच ठरवू'. लोक प्रत्यक्ष आले नाहीत तरी डिजिटल येतील. रात्री बघितलं तर बरेच जण जॉइन झाले होते. सगळ्यांनी एकमेकांना गुलाबाची फुलं पाठवली. सुरुवात म्हणून ठीक आहे.

२४ ऑगस्ट, रविवार

पोळ्याच्या पुरणपोळीनं गाव सुस्तावलेलं. तरी पाच माणसं आली. 'गावाच्या गरजा' या विषयावर मुक्त चर्चा घेतली. एकानं विचारलं, इहिरीची काही स्कीम हाय का? नाही म्हटल्यावर तो उठून गेला.

मी काही कल्पना मांडल्या, फक्त चर्चेला चालना म्हणून. गावाला कमान. ओपन जिम. ज्येष्ठ नागरिकांसाठी विरंगुळा केंद्र, त्यात छोटी लायब्ररी. कुणी विरोध केला नाही.

विशाखाबरोबर तिची सासू गोजरबाई आली होती. गुडघे पार गेलेत, काठी टेकत आली, अर्धा तास लागला म्हणाली. तिचं एकच म्हणणं. भीमनगरला रस्ता नाही. मागच्या पावसाळ्यात तिला ताप चढला तर चौघांनी बाजेवर घालून ओढ्याच्या चिखलातून डांबरीवर आणलं. माणूस मेल्यावर उचलत्यात, मला जित्तीच उचलली, असं म्हणाली. सगळे हसले, तीसुद्धा. रिक्षा दारात यावी, एवढीच तिची इच्छा आहे.

चांगला मुद्दा आहे. पण लोकांना तातडीची अडचण आणि खरी गरज यातला फरक कळत नाही, ही नेहमीची मर्यादा. 'इतर' या रकान्यात घेतला.

३० ऑगस्ट, शनिवार

शहरात शहागंजला रांगोळी आणायला गेलो. गाडी लावायला जागा नाही. तीन चकरा मारून शेवटी लांब लावली आणि पोती खांद्यावर घेऊन आलो. पाठ गेली. दुकानदारानं विचारलं, शादी है क्या? म्हटलं, नियोजन है.

रांगोळीनं जमिनीवर गावाचा नकाशा काढणं ही या पद्धतीतली सर्वांत सुंदर गोष्ट. यावर माझी वेगळी स्लाइड होती. लोकांच्या मनातला गाव जमिनीवर उतरतो.

रात्री बायकोनं, सुरेखानं, 'विसावा'चा प्लॅन बघितला. स्वयंपाकघराची खिडकी रस्त्याच्या बाजूला पाहिजे, माणसं दिसली पाहिजेत, असं तिचं मत. मी मागे दिलीय, शेताकडे. शांतता असते. प्लॅन करताना मला एकदा विचारायचं तरी, असं ती म्हणाली. शहरात, छावणीत हे राहतं घर बांधलं त्या वेळीही हेच म्हणाली होती. तिला समजावलं की घरात प्रक्रिया लागत नाही, तिथं विश्वास असतो. ती झोपायला गेली.

७ सप्टेंबर, रविवार

आजचा दिवस ऐतिहासिक.

पारासमोर सडा घालून घेतला आणि बायांना सांगितलं, तुमचं गाव काढा. आधी लाजल्या. मग मी माझं नेहमीचं वाक्य टाकलं: या नकाशात चूक नावाची गोष्ट नसते, तुम्ही जसं चालता, जसं जगता, तसं काढा. मग जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. मारुती, शाळा, टाकी, ओढा, प्रत्येकीनं आपापलं घर. घरं हळदीची, पाणी निळीचं, रस्ते पांढरे. आपापल्या दारातलं जोतंसुद्धा काढलं. गावातली माणसं बाजूनं बघत उभी. एका कोंबडीनं शाळा विस्कटली, तेवढंच.

एक छोटी बाब. भीमनगरच्या बायांनी वस्तीपासून डांबरीपर्यंत पांढरी जाड रेघ ओढली, ती सरळ माझ्या तुकड्यातून. मी सौम्यपणे म्हणालो की इथं कंपाउंड आहे, रेघ जरा ओढ्याकडून घ्या. विशाखा म्हणाली, सर, चूक नसते म्हणालात ना तुम्ही. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. तत्त्व ते तत्त्व. राहू दिली. रांगोळीच तर आहे, वाऱ्यानं जाईल.

विशाखाला सांगितलं, प्रत्येक कार्यक्रमाचे फोटो काढत जा, तारीख आणि ठिकाण दिसणारं ॲप वापर. पुराव्याशिवाय काम झालं असं वर कुणी मानत नाही. मुलगी लगेच शिकली. मी घडवलेली पहिली कार्यकर्ती.

१४ सप्टेंबर, रविवार

पहिली शिवारफेरी. म्हणजे सगळ्यांनी मिळून गावचं शिवार पायी फिरायचं, पाणी, माती, वाटा डोळ्यांनी बघायच्या. दहा-बारा लोक येतील असा अंदाज होता. भीमनगरातून बाया, म्हातारी माणसं, पोरंसोरं, सगळी आली. गावातलेही आले. एवढा प्रतिसाद मला नोकरीत कधी मिळाला नव्हता, टीए-डीए देऊनही.

ओढ्यावर जायचं होतं. कडेची वाट बघितली तर पोटरीपर्यंत चिखल. माझे बूट नवे. गोजरबाईसुद्धा काठी घेऊन आलेली. मग मीच फाटकाचं कुलूप काढलं, मागची तार एका खांबावरून सोडवली आणि सगळ्यांना आपल्या तुकड्यातून नेलं. नेतृत्वात असे क्षण येतात.

मधोमध थांबून थोडं बोललो. बोललो म्हणजे, आतून आलं. मित्रहो, ही नुसती वाट नाही. माझ्या आजोबांच्या काळात अख्ख्या गावाच्या बैलगाड्या इथूनच ओढ्यावर जायच्या. बांध कुणाचाही असो, वाट गावाची असते. टाळ्या पडल्या. गोजरबाईनं डोळ्याला पदर लावला. लई दिसांनी इथनं चालले, म्हणाली. विशाखानं सगळं व्हिडिओत घेतलं आणि ग्रुपवर टाकलं. रात्री पाच वेळा बघितला. आवाज चांगला आलाय.

२१ सप्टेंबर, रविवार

फेरी क्रमांक दोन. संख्या आणखी वाढली. लोकांनीच मागणी केली की शिवारफेरी रोज ठेवा. रोज. ज्ञानाची ही तहान बघून मला भरून आलं. एका बाईच्या डोक्यावर दळणाचा डबा होता, एकानं मोटारसायकल चालत चालत आणली. मी म्हटलं, वाहन कशाला? तो म्हणाला, शिवार दाखवायलोय तिला. विनोदबुद्धी आहे गावात.

आज मात्र दमलो. छावणी ते बाभुळवाडी, वाळूजचं ट्रॅफिक, परत येणं, कंबर धरली. रोज फाटक उघडायला कोण येणार? किल्ली विशाखाकडे दिली. जबाबदारी दिल्याशिवाय लोकांना प्रक्रिया आपली वाटत नाही. स्लाइड क्रमांक चौदा.

आराखड्यात कमानीची जागा नक्की करायची राहिलीय. पुढच्या वेळी.

२८ सप्टेंबर, रविवार

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. गेलो नाही. सर्दी.

विशाखाला फोन केला. फेरी झाली का? झाली सर, म्हणाली, रोज होऊ राह्यली. आज ओढा भरून आलाय, कडेची वाट पाण्याखाली, पण सगळे तुकड्यातून सुखरूप गेले. गोजरबाईला गंगापूरच्या दवाखान्यात न्यायचं होतं, रिक्षा दारापर्यंत आली. म्हातारीनं रिक्षेला हळदीकुंकू लावलं म्हणे.

म्हणजे माझ्याशिवाय प्रक्रिया चालू राहिली. मार्गदर्शकाचं यश यातच असतं की त्याची गरज उरत नाही. हे मी कायम शिकवत आलोय. तरी एखादा फोन करून तब्येत विचारायला हरकत नव्हती.

२ ऑक्टोबर, गुरुवार

ग्रामसभा. आराखड्याचं पहिलं वाचन. आज नेमका दसरा. भीमनगर सगळं धम्मचक्र प्रवर्तन दिनाला शहरात लेण्यांवर गेलेलं. बाकी गाव सीमोल्लंघनाच्या तयारीत. मी, बद्रीनाथ, सोमनाथ. बद्रीनाथनं आपट्याची पानं दिली आणि तोही गेला.

मी कमान, जिम, विरंगुळा केंद्र वाचून दाखवलं. सोमनाथ मोबाइल बघत होता. आक्षेप आले नाहीत. सोमनाथनं विचारलं, साहेब, भीमनगरचा रस्ता? मी म्हटलं, 'इतर'मध्ये आहे. त्यानं पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

सकाळीच सुदर्शनचा फोन. दादा, तुझ्या तुकड्यात मुरूम पडलाय, बघून जा. चार ट्रॉल्या.

गेलो. विश्वास बसेना. फाटकापासून मागच्या तारेपर्यंत चांगली गाडीवाट पडलेली. मागची तार तर नीट गुंडाळून बाजूला ठेवलेली, कापलेली नाही, हे खरं. खड्ड्यांत मुरूम, वर रोलर फिरवल्यासारखं दाबलेलं. 'विसावा'चा हॉल जिथं येणार तिथून एक दूधवाला मोटारसायकलवर आला, मला रामराम केला आणि गेला.

विचारलं तर भीमनगरच्या सांडूनं सांगितलं, आम्ही वर्गणी काढून टाकला, साहेबांचे बूट खराब होऊ नयेत म्हून.

किल्ली परत मागितली. मागची तार पुन्हा ओढून घेतली. गंगापूरहून मोठं कुलूप आणलं. ग्रुपवर व्यवस्थित भाषेत लिहिलं: शिवारफेरीचा टप्पा आपल्या सर्वांच्या सहकार्यानं यशस्वीरीत्या पूर्ण झाला असून पुढील टप्प्यासाठी सदर ठिकाण बंद ठेवण्यात येत आहे. खाली चाळीसेक लोकांनी बघितलं. कुणी फूल पाठवलं नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

विशाखा घरी आली. थेट छावणीत, एसटी आणि दोन रिक्षा बदलून. सुरेखानं तिला पोहे दिले आणि माझ्या आधी तिच्याशी अर्धा तास बोलली.

विशाखा म्हणाली की सर, सासूबाईंना आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यावं लागतं, फाटक उघडं ठेवा, आम्ही घर बांधायला आड येणार नाही, बाजूनं बैलगाडी जाईल एवढी पट्टी सोडा. आवाज चढवला नाही. मी तिला प्रक्रिया समजावली. वैयक्तिक पातळीवर असे निर्णय घेतले तर लोकसहभागाला अर्थ राहत नाही. विषय ग्रामसभेत यावा, गावानं ठरवावं. ती म्हणाली, गावानं ठरवलं तर चालेल ना सर? म्हटलं, गावाचा शब्द माझ्यासाठी शेवटचा.

ती गेल्यावर सुरेखा म्हणाली, द्या की हो पट्टी. तिला म्हटलं, तुला यातलं कळत नाही, एकदा वाट दिली की घराला शांतता राहत नाही. ती म्हणाली, मला कुठं पाहिजे शांतता? दिवाळीच्या तोंडावर वाद नको म्हणून सोडून दिलं.

९ नोव्हेंबर, रविवार

विशेष ग्रामसभा.

पारावर जागा नाही. पायऱ्यांवर माणसं, ट्रॅक्टरवर माणसं, शाळेच्या भिंतीवर माणसं. बाया एका बाजूला गच्च. गोजरबाईला खुर्चीत बसवून चौघांनी उचलून आणलं होतं. ओढ्याच्या चिखलातून. खुर्चीचे पाय चिखलानं माखलेले. तिनं मला लांबूनच हात जोडले.

माझे डोळे भरून आले. ऑगस्टमध्ये सात माणसं होती. एका माणसाच्या चिकाटीनं काय होऊ शकतं.

विषय एकच निघाला. मी आधी कमानीबद्दल दोन मिनिटं बोललो. कुणीतरी मागून म्हणालं, काकासाहेब, कमान लावायला आधी रस्ता लागतो. मग बद्रीनाथनं थेट विचारलं, भीमनगरचा जुना रस्ता खुला व्हावा, मंजूर असणाऱ्यांनी हात वर करा. सगळे हात वर. सुदर्शनचासुद्धा. माझा सख्खा भाऊ. त्याच्याकडे बघितलं तर त्यानं दुसरा हातही वर केला.

विरोधात कोण? माझा हात वर गेला नाही. मी तटस्थ राहिलो. मार्गदर्शकानं तटस्थच राहायचं असतं. पण सोमनाथनं लिहिताना माझ्याकडे बघून विचारलं, म्हणजे तुम्ही पण मंजूर? मी म्हटलं, तपासून सांगतो.

संध्याकाळी कुलूप काढायला हात होईना. घरी आलो. गावाचा शब्द शेवटचा असतो हे खरं, पण तो लेखी आणि अभ्यासपूर्ण असावा लागतो.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

तहसीलमधून नोटीस. वहिवाटीचा रस्ता अडवल्याबद्दल. अर्जदार विशाखा आणि इतर.

वकिलाकडे गेलो. त्यांनी कागद चाळले आणि कपाळ दाबलं. मग विचारलं, तीन वर्षं फाटक बंद होतं, मग उघडलंत कशाला? म्हटलं, शिवारफेरीसाठी. ते म्हणाले, तक्रार रस्ता अडवल्यापासून सहा महिन्यांत करावी लागते. तीन वर्षांपूर्वीच्या कुलपावर त्यांना आता काहीच करता आलं नसतं. तुम्ही उघडलंत, गावाला चालवलंत, मग पुन्हा अडवलंत. ऑक्टोबरमध्ये. म्हणजे मुदत नव्यानं सुरू.

पुढे म्हणाले, फोटो आहेत. तारीख, वेळ, ठिकाण, सगळं छापलेलं. असले नीटनेटके फोटो मी पक्षकारांकडून मागून मागून थकतो, मिळत नाहीत. कुणी काढायला लावले?

मी सांगितलं नाही.

१८ डिसेंबर, गुरुवार

गंगापूरला सुनावणी. बाकावर तीन तास. पंखा चालू, थंडीत.

विशाखानं माझा व्हिडिओ लावला. तहसीलदार साहेबांनी दोनदा ऐकला. बांध कुणाचाही असो, वाट गावाची असते. सगळ्या हॉलमध्ये माझा आवाज. साहेबांनी विचारलं, आवाज तुमचाच? हो म्हणालो. आजोबांचं म्हणता ते खरं? आता आजोबांना खोटं कसं पाडायचं? हो म्हणालो. बैलगाड्या जायच्या? जायच्या. वकिलांनी माझ्या बुटाला बूट लावला, पण वाक्य निघून गेलं होतं.

मी एवढं मांडलं की ते भाषण प्रशिक्षणाच्या संदर्भात होतं, शब्दशः घ्यायचं नसतं. साहेब म्हणाले, छान बोलता तुम्ही. हे कौतुक होतं असं मी धरतो.

बाहेर चहाच्या टपरीवर विशाखा भेटली. तिनं माझा चहा सांगितला. म्हणाली, सर, राग नका धरू, तुम्हीच म्हणालात पुराव्याशिवाय वर कुणी मानत नाही. मी चहा प्यायलो. गोडीचं प्रमाण जास्त होतं.

११ जानेवारी, रविवार

गेल्या आठवड्यात साहेब जागेवर येऊन गेले. सगळा गाव बरोबर चालला, माझ्याच तुकड्यातून. म्हाताऱ्यांनी कुठून कशा गाड्या जायच्या ते दाखवलं. कुणी चढ्या आवाजात बोललं नाही, कुणी माझ्याविरुद्ध एक शब्द काढला नाही. उलट प्रत्येक जण म्हणत होता, काकासाहेबांनीच आम्हाला चालवलं. तांत्रिकदृष्ट्या ही माझी सर्वांत यशस्वी शिवारफेरी.

निकाल आज कळला. रस्ता खुला करावा.

वकील म्हणतात वर जाता येईल. नको वाटतं. खरं सांगायचं तर कंटाळा आलाय. या गावाला मी बोलायला शिकवलं आणि ते माझ्याशीच बोलायला लागलं.

'विसावा'चा प्लॅन बदलावा लागेल. हॉल जातो. स्वयंपाकघर फिरवावं लागेल, खिडकी रस्त्याकडे येईल. सुरेखाला सांगितलं. बरं, म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी चहाबरोबर शंकरपाळे दिले.

१४ जून, रविवार

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. आराखडा मंजूर झाला. पहिला विषय भीमनगरचा रस्ता, खडीकरणासह, काम झालंसुद्धा. कमान आता 'इतर'मध्ये आहे. ग्रुपचं नाव कुणीतरी बदलून 'भीमनगर रिक्षा वेळ' केलंय. मी ॲडमिन आहे अजून, पण हात लावला नाही.

'विसावा'चा पाया घेतलाय. तो रस्ता वापरायचा नाही असं मी तत्त्व म्हणून ठरवलं होतं. म्हणून तुकड्याच्या दुसऱ्या टोकाला स्वतःची वेगळी वाट केली, कच्ची. आज पाया बघायला गेलो. दुपारी पाऊस झाला आणि गाडी माझ्या वाटेवर अशी रुतली की दरवाजा उघडेना. काच खाली करून खिडकीतून बाहेर पडलो. सुदर्शनला फोन केला तर तो लग्नाला. ट्रॅक्टर उद्या, म्हणाला.

उभा होतो. पलीकडच्या रस्त्यावरून रिक्षा आली आणि थांबली. आत गोजरबाई, गंगापूरला दवाखान्यात निघालेली, एकटीच. आता तिला कुणाला बरोबर न्यावं लागत नाही. म्हणाली, या काकासाहेब, बसा, तुमचाच रस्ता हाय.

नाही म्हणणार होतो. बुटांकडे बघितलं आणि बसलो.

रस्ता चांगला झालाय. डांबरीला लागेपर्यंत एक धक्का बसला नाही. म्हातारी पिशवी मांडीवर घेऊन ताठ बसली होती, दिसेल त्याला हात करत होती. मग म्हणाली, तुम्ही शिवारफेरीला का येत नाय आता? माणसं इचारत्यात. काम झालं की साहेब विसरले, असं म्हणत्यात. तब्येत, म्हणालो. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि कुठला डॉक्टर चांगला आहे ते सांगत राहिली. मला बरं वाटलं. हे सुरेखाला सांगणार नाही.

गंगापूर स्टँडवर उतरलो. खिशात नुसती पाचशेची नोट, चिखलानं भिजलेली. रिक्षावाल्याकडे सुट्टे नव्हते. मी नोट पुसत उभा राहिलो, तोवर गोजरबाईनं कमरेची चंची सोडली आणि माझं भाडं दिलं.